हौसामावशीच्या नावावर माझा अंगठा

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आई गेली तेव्हा शेवटी शेवटी तिच्या उशाशी बसले होते, तेव्हाही ओठावर आलेलं गिळलं. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही माझे कोण? धड माहीत नाही मला. थकलेय, एवढं खरं.

एका दमात सांगता येईल असं वाटत नाही. जरा इकडून तिकडून येते, तेवढं चालवून घ्या.

माझं माहेर कुरवंडे. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, नागफणीच्या डोंगराच्या वाटेवर. लग्न करून मी खाली लोणावळ्यात आले, म्हणजे काही लांब गेले असं नाही. सहा आसनी रिक्षात बसलं की माहेर. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता, टायपिंग बरं होतं, तोंड तर त्याहून बरं. आधार कार्डाची नोंदणी सुरू झाली तेव्हा आमच्या गावच्या शिबिरासाठी ऑपरेटर म्हणून मला घेतलं. मशीन आणणाऱ्या साहेबांनी सांगितलं होतं तसं स्पष्टच, की बाहेरच्या माणसाच्या हातात तिथं कोणी बोट देत नाही, गावचीच लेक पाहिजे.

आणि खरंच देत नव्हते. मागच्या वाडीत शिबिर लावलं होतं तर दिवसभर मशीनवर माश्या बसल्या. लोक लांब उभे राहून बघायचे आणि घरी जायचे. डोळ्यांचा फोटो कशाला पाहिजे? दहाही बोटं कशाला? चोराचे घेतात ठसे, आमचे कशाला? असं एकेकाचं चाललेलं.

मी हसायचे त्यांना. "अहो आबा, तुमचा अंगठा घेऊन सरकार काय लोणचं घालणार आहे का?" असं म्हणायचे मी. तोंडावर म्हणायचे. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते, कारण आमच्या मावळात हा प्रश्न वेड्याचा नाही हो. इथं अंगठ्यानं काय काय गेलंय! धरणाला गेलं, कंपनीला गेलं, बंगलेवाल्यांना गेलं. ज्याला त्याला विचारा, घरात एक तरी अंगठा निघेल असा.

हौसामावशीच्या घरात होताच. हौसामावशी म्हणजे आमच्या शेजारची. रक्ताचं नातं काही नाही, पण आईला दूध नव्हतं तेव्हा मला हिनं पाजलंय, असं आई सांगायची. तिचं एकच पोर झालं ते जगलं नाही, नवराही लवकर गेला. तर तिच्या वडिलांकडं एक शेठ आला होता म्हणे, गोड बोलणारा. लाइटीचा खांब रोवायचाय, नुसती संमती द्या. त्यांनी दिला अंगठा. खांब राहिला बाजूला, भाताचं खाचरच गेलं. तिथं आता बंगला आहे, पांढऱ्या भिंतीचा. मावशी रोज त्याच भिंतीला लागून खाली चिक्कीच्या कारखान्यात कामाला जायची. म्हातारा मरेपर्यंत एकच सांगत राहिला, की भुकेनं मर पण कुणाला अंगठा देऊ नको.

अशी ती बाई. आणि गावातल्या सगळ्या बायका तिच्या तोंडाकडं बघणाऱ्या. हौसा आली तर आम्ही येऊ, नाहीतर नाही.

मी शिबिराच्या आदल्या दिवशी तिच्या घरी गेले. चुलीपुढं बसून गळ घातली, लाडीगोडी लावली, रुसून दाखवलं. शेवटी ती म्हणाली, "तू सांगतीयास म्हून येते, सुमे. पर माजा अंगठा दुसरीकडं कुटं लागायचा न्हाई ना?"

मी म्हटलं, "मी आहे ना, मावशे."

शिबिर समाजमंदिरात होतं. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. मागं बायका, दाराशी बाप्ये. फोटो झाला, डोळे झाले. बोटं काही धड उमटेनात, तरी मशीननं कुरकुरत घेतली. अंगठ्याला मात्र घोडं अडलं. लाल दिवा. पुसून लाव, लाल. दाबून लाव, लाल. मी तिचा हात उलटा करून बघितला — अंगठ्यावर रेघच नाही. उकळत्या गुळाचा पाक लादीवर ओतायचा आणि गरम असतानाच अंगठ्यानं कडा दाबून बसवायच्या, हे तिचं काम. अख्खं आयुष्य तेच केलेलं. अंगठा तुळतुळीत झाला होता, वाटीच्या बुडासारखा.

अशा माणसासाठी सोय होती. ठसे येत नाहीत म्हणून नोंद करायची, दोन्ही हातांचा फोटो काढायचा, साहेबांना दाखवायचं. मला शिकवलं होतं ते. येत नव्हतं असं नाही. मग का नाही केलं?

मागं कुजबुज सुरू झाली होती म्हणून. कुणीतरी म्हणालं, "बगा, मशीनच घेत न्हाई. काय तरी काळंबेरं हाय." एक बाई पिशवी उचलून निघालीसुद्धा. आता सगळी रांग मोडणार, साहेब म्हणणार गावची लेक म्हणून घेतली नि हिचं कुणी ऐकेना — एवढंच माझ्या डोक्यात. सरकारचं भलं नाही, गावाचं नाही. माझं नाक.

ऑपरेटरनं म्हाताऱ्या माणसाचं बोट वरून दाबून धरायचं असतं. सगळेच करतात. मी तसाच तिचा हात हातात घेतला, पदर आड केला — आणि काचेवर माझा अंगठा टेकवला.

हिरवा दिवा लागला.

तिला कळलंसुद्धा नाही. त्या अंगठ्याला गार लागत नव्हतं, गरम लागत नव्हतं, काच लागली की नाही हे कुठून कळणार? ती हसली, मागं वळून म्हणाली, "या गं. काय न्हाई व्हत." आणि सगळं गाव आलं. मशीनवाल्या साहेबांनी माझं कौतुक केलं. त्या कौतुकावरच पुढं मला कचेरीत कंत्राटावर घेतलं, तिथंच मी आजही आहे. माझा अंगठा तिच्या नावावर कसा खपून गेला, वर कुणालाच कसा दिसला नाही, ते मला आजही कळलेलं नाही. पुढे कधीतरी पकडलं जाईल म्हणून वाट बघितली. मग वाट बघायचीही सवय झाली.

काही वर्षांनी रेशनच्या दुकानात मशीन आलं. अंगठा लावा, धान्य न्या. बाकीच्यांचे लागले. मावशीचा लागेना. दुकानदार बिचारा चांगला होता, म्हणाला, "मावशी, तुमचे हात झिजलेत, मी तरी काय करू?" हेच तिच्या मनात बसलं. दोष हातांचा. लिंबानं घासून झाले, खोबरेल लावून झालं, कोमट पाण्यात हात बुडवून बसायची. मला दाखवायची आणि म्हणायची, "सुमे, रेघ उमटलीय का गं काय?"

मी काय म्हणायचे? म्हणायचे, लाव अजून थोडं तेल.

मग तिनं काय करावं? तिनं चिक्कीचं काम सोडलं. कुणीतरी सांगितलं, गुळापासून हात लांब ठेवलेस तर कातडी नवी येईल, रेघा येतील. तेवढ्यासाठी, हातच्या रोजगारावर पाणी सोडून घरी बसली. शेजारपाजारचं निवडून-टिपून दे, कुणाची गुरं बघ, असं करून दिवस काढले. उपाशीही राहिली असेल. मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं ना — दहा नव्या रेघा आल्या तरी मशीन तिला ओळखणार नाही, कारण अंगठ्याच्या जागी त्यात ती नव्हतीच. एक वाक्य बोलायचं होतं मला, "मावशे, काम सोडू नकोस." तेवढंसुद्धा बोलले नाही. बोलले असते तर का म्हणून विचारलं असतं तिनं.

रेघा आल्या हो. पुसट, पण आल्या. माहेरी गेले होते तर उंबऱ्यात उजेडाला हात धरून दाखवल्या तिनं, लहान पोर नवी बांगडी दाखवतं तशा. मला ओढतच दुकानात नेलं. लावला अंगठा. लाल. परत लावला. लाल. तिचं तोंड एवढंसं झालं. मागं उभ्या असलेल्या कुणाला तरी ती म्हणाली, "मी मीच न्हाई जनू."

ते मला बघवलं नाही. मी पुढं झाले, म्हटलं थांब, मी दाबून धरते. तिचा हात घेतला, पदर आड केला. हिरवा.

काय आनंद झाला तिला! "तुज्या हाताला गुण हाय, पोरी." सगळ्या आळीला सांगत सुटली. मग दर महिन्याला माझ्या सुट्टीच्या रविवारी आम्ही दोघी दुकानात. मी तिचा हात धरायचा, मशीननं तिचं नाव दाखवायचं, तिनं माझ्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडायची. दृष्ट काढायची माझी. माझी!

तुम्ही म्हणाल, केंद्रावर नेऊन तिचे ठसे नव्यानं का नाही घेतले? आता तर रेघाही आल्या होत्या. घेता आले असते. पण नवा अंगठा घेताना जुना कुणाचा हे निघालं असतं, आणि त्या नोंदीवर ऑपरेटर म्हणून माझं नाव आहे. असं काही सापडलं की ऑपरेटरला घरी बसवतात, गुन्हासुद्धा लावतात, हे मी कचेरीत बसून रोज ऐकत होते. ती माझ्यामुळं घरी बसली, ते चाललं मला. मी घरी बसणं चाललं नसतं.

नंतर तिची निराधाराची पेन्शन मंजूर झाली. बँकेत अंगठा द्यायचा होता. तिनं मला हाक मारली. बँकेत डोक्यावर कॅमेरा असतो, हे माझ्या मनात आलं आणि मी म्हटलं, या आठवड्यात मला सुट्टी नाही गं. सुट्टी होती. मी घरी पापड वाळत घालत होते त्या दिवशी.

ती एकटी गेली. अंगठा जुळेना. खिडकीवरच्या पोरीनं भरल्या बँकेत विचारलं, "आजी, हे कुणाचं कार्ड आणलंय तुम्ही?" लोक वळून बघायला लागले. शिपायानं बाजूला उभं केलं. जिनं उभ्या जन्मात कुणाच्या झाडाचं लिंबू तोडलं नाही, तिला.

मी रविवारी गेले तेव्हा ती ओट्यावर बसली होती, उजवा हात पदरात गुंडाळून. रडली नाही. म्हणाली, "माजा बा बरुबर सांगत व्हता. अंगठा द्यायचाच न्हाई कुनाला. तुजा काय दोष गं त्यात, तू तर माज्यासाटी लय केलंस."

मी उठून चहा ठेवला. चहा प्याले. सहाची रिक्षा धरून खाली आले.

त्या दिवसापासून ती रेशनला गेली नाही. माझ्याबरोबरसुद्धा नाही. मी तांदूळ नेऊन देते, डाळ देते. गावात तिनं सांगून ठेवलंय की पोटची लेक करणार नाही असं सुमी करते. बायका माझ्याकडं मायेनं बघतात. कसं बघू देते मी त्यांना?

इथंवर सांगून थांबणार होते. पण गेल्या महिन्यातलं राहतं.

समाजमंदिरात परत शिबिर लागलं. दवाखान्याचं नवं कार्ड, त्यालाही अंगठा, जुन्याशी जुळवून. कचेरीनं मलाच पाठवलं. आणि परत तेच — लोक लांब उभे. आता पोरं मोबाइलवर वाचून विचारतात, आमची माहिती जाते कुठं, विकतात का, कुणाचा आजार कुणाला कळणार? शहाणे प्रश्न होते. माझ्याइतकं खरं उत्तर त्या गावात कुणाकडं नव्हतं. सरपंचबाई म्हणाल्या, सुमनताई, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात.

हौसामावशी खांबाला टेकून बसली होती, हात पदरात. तीही माझ्याकडंच बघत होती.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "भिऊ नका. काही होत नाही."

कुणी हललं नाही. मग मावशी उठली. गुडघ्यावर हात देत, हळूहळू पुढं आली, आणि बँकेतून आल्यापासून तिनं कुणापुढं न काढलेला तो हात पदरातून बाहेर काढून माझ्यापुढं धरला. म्हणाली, "धर गं. तुज्याच हातानं लागतंय माजं."

मी धरला. पदर आड केला.

हिरवा दिवा लागला. मावशीनं मागं वळून सगळ्यांना हाक मारली, "या गं, काय न्हाई व्हत." आणि एकेक करून बायका रांगेला लागल्या.