हौद्याला ट्रे, जावयाला चादर

माझ्या सासरच्या माणसांनी मला एकदा सल्ला विचारला, आणि मी तो दिला.

सासर अर्नाळ्याचं, कोळ्यांचं. मी मूळचा साताऱ्याकडचा. माझी आणि पापलेटाची ओळख लग्नानंतरची. राहायला वसईत फ्लॅट, नोकरी वालीवच्या एका कारखान्यात, खरेदी विभागात. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी टाचणीही विकत घेत नाही. (बायको म्हणते, "लग्न तेवढं एकाच कोटेशनवर केलंस!")

तर माझ्या मेव्हण्यानं, हर्षदनं, मासळी न्यायला एक जुना पिकअप घेतला. गाडी ठणठणीत, पण बर्फाच्या आणि खाऱ्या पाण्यानं मागच्या हौद्याचा पत्रा पापडासारखा व्हायला लागला होता. उपाय दोन. एक तर गंज घासून काढायचा आणि आतून जाड रबरी लेप स्प्रेनं मारून घ्यायचा, किंवा मग हौद्याच्या मापाचा तयार प्लास्टिकचा ट्रे आणून आत ठेवून द्यायचा.

रविवारी जेवणं झाल्यावर सासूबाईंनी विषय काढला. तीस वर्षं त्या मासळी विकतायत. त्यांच्यापुढे बंदरावरचे दलालसुद्धा हळू आवाजात बोलतात. त्या सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "जावई, तुमीच सांगा. स्प्रे मारायचा का ट्रे ठेवायचा?"

मला! साताऱ्याच्या माणसाला! मी तीन दिवस मागून घेतले आणि बुधवारी छापील तक्ता घेऊन हजर झालो.

"ट्रे!" मी जाहीर केलं. "स्प्रेला गाडी तीन-चार दिवस उभी राहणार. ट्रे पाच मिनिटांत बसतो. काढा, धुवा, परत ठेवा!"

सासऱ्यांनी पंख्याकडे पाहिलं. हर्षदनं तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं ते मिटलं.

"पानी नाय ना जानार ट्रेच्या खाली?" सासूबाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"शक्यच नाही. एका तुकड्यातला असतो."

"तुमी म्हनता तर बरोबरच असंल."

तीस वर्षांच्या अनुभवानं माझ्यापुढे मान तुकवली, असं मला वाटलं. त्या रात्री मी बायकोला, वैशालीला, तक्ता पुन्हा वाचून दाखवला. ती झोपली होती.

ट्रे आला. काळा, चकचकीत, देखणा! पहिल्याच फेरीत कळलं की तो गुळगुळीतही आहे. हर्षदनं ब्रेक मारला की मासळीचे क्रेट पुढे, गियर टाकला की मागे. मी सुचवलं, "ट्रेखाली गोणपाट घाला. पकड येईल." (घसरत होते क्रेट, ट्रेच्या वर. गोणपाट मी घातलं ट्रेच्या खाली. खरेदी विभागात भौतिकशास्त्र लागत नाही.) सगळे म्हणाले, "तुमी म्हनता तर घालू."

पाणी ट्रेच्या खाली गेलं. कडांवरून गेलं, कोपऱ्यांतून गेलं, कुठूनही गेलं, आणि गोणपाटानं ते आनंदानं पिऊन घेतलं. आठवड्याभरात गाडीला असा वास सुटला की हर्षद आमच्या सोसायटीत डबा द्यायला आला तर आधी मांजरं आली. अकरा! आमच्या सोसायटीत एकूण मांजरं चार. उरलेली सात कुठल्या विंगेत भाड्यानं राहत होती, देव जाणे. सेक्रेटरी खाली उतरले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "ही गाडी तुमच्याकडे आलीय?"

"मांजरांकडे आलीय," मी म्हणालो.

अर्नाळ्यात मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "तसा वास नाय येत फार."

आणि मग शेजारच्या गास गावातलं एक लग्न आलं. नवरीच्या आईच्या लग्नाला मासळी दिली होती ती सासूबाईंनीच. आता मुलीच्या लग्नाला पाच क्रेट पापलेट द्यायचं होतं. अकरापर्यंत पोचवते, असा त्यांनी शब्द दिला होता. दर्यावर वारा असो की नसो, सासूबाईंचा शब्द कधी चुकला नाही, हे अख्ख्या बंदराला ठाऊक होतं. ट्रे माझा, आणि शब्द त्यांचा!

"मी मागे बसतो, क्रेट धरून," मी म्हणालो.

जावई हौद्यात बसणार? सासूबाईंची घालमेल झाली, पण जावयाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी पळत जाऊन कपाटातून नवीकोरी चादर आणली, इस्त्रीची, सॅटिनची, आणि ट्रेवर माझ्यासाठी अंथरली.

ट्रेच्या कडेमुळे मागचा फाळका नीट लागत नव्हता, म्हणून तो दोरीनं बांधायचा होता. गाठ मी मारली. (कोळ्याच्या घरात, जिथे पोरं चालायच्या आधी गाठ मारायला शिकतात, तिथे गाठ साताऱ्यानं मारली, आणि चौघेजण मुकाट्यानं बघत उभे राहिले!)

आगाशी गाव मागे पडलं. निर्मळच्या अलीकडे एक गतिरोधक होता. हर्षदनं गाडी अगदी हळू केली, पुढची चाकं चढली, हौदा मागे कलला, आणि माझी गाठ सुटली. फाळका धाडकन खाली. मी, चादर आणि दोन क्रेट, असे चौघे एका रांगेत, कसलीही घाई न करता, रस्त्यावर उतरलो. मी बसलेल्याच अवस्थेत उतरलो. मांडीवर एक पापलेट होतं.

स्कूटरवरचे एक आजोबा थांबले. "साहेब, इथंच उतरायचं होतं का?"

पिशवी घेतलेल्या एक बाई वाकून मासळी बघत म्हणाल्या, "ताजं हाय. कसं दिलं?"

पुढून सासूबाई धावत आल्या. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. त्यांनी आधी माझं खरचटलेलं कोपर पाहिलं, मग रस्त्यावरचं पापलेट, आणि त्यांचा चेहरा उतरला. तो मला बघवेना.

"धुऊन घेऊ या?" मी चाचरत विचारलं.

"रस्त्यावरचं लग्नाला? मी?" एवढंच बोलून त्यांनी फोन काढला.

त्यानंतरची पंचवीस मिनिटं मी विसरणार नाही. अर्नाळ्याच्या बायका, ज्यांच्याशी सासूबाई बाजारात रोज जागेवरून भांडतात, त्याच दोन रिक्षांतून आल्या. प्रत्येकीनं आपल्या पाटीतलं निवडक पापलेट क्रेटमध्ये ओतलं. एकीनं जाताना मला नीट न्याहाळलं आणि सासूबाईंना विचारलं, "ह्योच का गो तो, ट्रेवाला?"

अकराला दहा कमी असताना पाच क्रेट गासच्या मांडवात उतरले. शब्द राहिला. मी गाडीमागे उभा राहून डोळे पुसले. (वासानं, असं मी हर्षदला सांगितलं.)

संध्याकाळी कोपराला पट्टी बांधताना मी वैशालीला म्हणालो, "ट्रे चुकीचा आहे हे कुणाला कळलं कसं नाही?"

"सगळ्यांना कळलं होतं," ती म्हणाली. "तुला विचारायच्या आदल्या दिवशीच हर्षदनं वालीवला स्प्रेवाल्याकडे नंबर लावला होता."

"मग मला विचारलं कशाला?"

"अरे, जावयाला विचारायचं असतं! आणि जावयानं म्हणायचं असतं, तुम्ही ठरवाल ते. आपल्या लग्नाच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तक्ता घेऊन आलं. आता मानाच्या माणसाचा शब्द मोडायचा कसा?"

म्हणजे मी, खरेदी विभागाच्या सवयीनं, ज्याला चौकशी समजून तक्ता दिला, तो नुसता नमस्कार होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी ट्रे निघाला, गोणपाट पुरलं, गाडी चार दिवस वालीवला उभी राहिली आणि हौद्याला आतून काळा, खरखरीत, दणकट लेप लागला. क्रेट आता जागचे हलत नाहीत. मी धडा घेतला, अगदी मनापासून घेतला.

महिन्याभरानं रविवारी जेवण झालं. सासूबाईंनी हात पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जावई, होडीला रंग द्यायचाय. निळा द्यावा का हिरवा? तुमीच सांगा."

हर्षद दाराकडे सरकला. मी शांतपणे, नम्रपणे, साऱ्या मोहांवर मात करून म्हणालो, "तुम्ही ठरवाल तो."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग उठून जवळ आल्या, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि वैशालीला बाजूला घेऊन, पण मला स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगो, ह्यांना मोठ्या डॉक्टरला दाखव. त्या दिवशी नुसतं कोपरच नाय आपटलं वाटतं."