होराकोन, वासा आणि वैशूच्या अक्षता

कोल्हापुरात सूर्य नेमका किती वाजता डोक्यावर येतो, हे कळून कुणाचं भलं झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. माझं तर अजिबात नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी बोटीवर कॅडेट होतो आणि धाकट्या बहिणीच्या, वैशूच्या लग्नासाठी सुट्टीवर आलो होतो. कॅडेट म्हणजे दिवसभर गंज खरवडायचा, रंग मारायचा आणि उरलेल्या वेळात सूर्य-ताऱ्यांवरून बोट कुठं आहे ते काढायला शिकायचं. पेठेत मात्र मी 'कॅप्टन' होतो (ही पदवी मीच वाटत फिरलो होतो). आमचे वडील आप्पा तेवढे विचारायचे, "व्हय रं, वर्षभर बोटीवर केलास तरी काय?" की मी रंगाचे डाग पडलेले हात गुपचूप खिशात घालायचो.

"दादा," आदल्या दिवशी वैशूनं बजावलं, "माझ्या लग्नात तुझं जहाज आणायचं न्हाय. न्हायतर जन्मभर बोलणार न्हाय तुझ्याशी. सांगून ठेवतो!"

(आमच्याकडच्या पोरी 'सांगून ठेवतो'च म्हणतात. आणि एकदा सांगून ठेवलं की विसरत नाहीत.)

तिची भीती खरी होती. कुरुंदवाडचे व्याही मुहूर्ताच्या बाबतीत भलते कडक. बोलणीच्या बैठकीतच त्यांनी मांडीवर थाप मारून सांगितलं होतं, "अक्षता साडेबाराला म्हंजे साडेबाराला! मुहूर्त हुकला तर पोरगं घिऊन माघारी जातो, मग जेवणाचं काय करायचं ते बघा!"

लग्न दारातच, मांडव घालून. मे महिन्याचा पहिला आठवडा, ऊन मी म्हणत होतं. व्याह्यांनी आल्या आल्या मनगट पुढं केलं. "अकरा वाजलं."

"अकरा-नऊ," आप्पा म्हणाले.

"माझं घड्याळ दुबईचं हाय!"

"मग दुबईचा टाईम दावत असंल की!"

झालं! दोन्हीकडची माणसं आपापली मनगटं घेऊन धावली. बारा घड्याळं, तेरा वेळा (एकाचे दोन काटे एकमेकांत अडकले होते). व्याह्यांचा आवाज चढला, आप्पांच्या मिशा थरथरू लागल्या. आतून वैशू दाराच्या फटीतून बघत होती, तिचा चेहरा रडवेला झाला होता. मला राहवेना.

"थांबा! घड्याळं ठेवा खिशात. आपण सूर्यालाच विचारू!"

फटीतून "दादा, नको!" असं ऐकू आलं. पण मी सुटलो होतो.

"पावणं, सूर्य डोक्यावरच्या रेषेपासून किती अंश लांब हाय, त्याला होराकोन म्हणत्यात. बोटीवर आम्ही तेच बघतो. तासाला पंधरा अंश, म्हंजे एका अंशाला चार मिनिटं. सूर्य रेषेवर आला की होराकोन शून्य!"

"बरं, मग?"

"भारताचं घड्याळ अलाहाबादजवळच्या रेषेवर चालतंय. आपण तिच्या पश्चिमेला सव्वाआठ अंश. चोक धरा, तेहतीस मिनिटं. बारा वाजल्यावर एवढ्या उशिरानं सूर्य आपल्या डोक्यावर येतो. मे महिन्यात स्वारी साडेतीन मिनिटं लवकर असती, ती वजा करा. किती झालं? साडेबारा! तुमचाच मुहूर्त!"

व्याही आप्पांना म्हणाले, "पोरगं हुशार हाय की वो." आणि आप्पांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, माझ्याकडं बघून मान हलवली. त्या मानेसाठी मी त्या दिवशी पृथ्वीसुद्धा उलटी फिरवली असती!

पुढचं सोपं होतं. त्या आठवड्यात कोल्हापुरात भरदुपारचा सूर्य अगदी माथ्यावर येतो, सरळ उभ्या खांबाला सावलीच राहत नाही. मांडवाबाहेर उन्हात एक वासा रोवलेला होता. गवंड्याचा ओळंबा आणून मी तो तपासला. सरळ! सावली गायब झाली की अक्षता. भटजी पाटावर बसून सुपारीची खांडं मोजत होते. त्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान डोलावली.

एवढ्यात आचाऱ्याला बर्फ हवा झाला आणि मी सायकल मारली. परत येऊन बघतो तर स्पीकरवाल्यानं आपला भलामोठा कर्णा त्याच वाशाच्या शेंड्याला, पूर्वेकडच्या बाजूला टांगलेला. मी म्हटलं, बरं झालं, कॅप्टनचा आवाज पार तालमीपर्यंत जाईल!

मग सावलीपाशी उकिडवा बसलो. सावली हातभर राहिली. मग वीतभर. मग चार बोटं. आणि गायब!

मी धावत बोहल्यावर गेलो. व्याह्यांनी धास्तीनं नवऱ्या मुलाला, सुरेशरावांना, हार देऊन आधीच पाटावर उभं केलं होतं. दोघेजण अंतरपाट धरून ताटकळत होते. माईक होता अंतरपाटाच्या अलीकडं, नवरीच्या जागी. तो धरून मी ओरडलो, "होराकोन शून्य! टाका अक्षता!"

पहिलं वाक्य कुणाला कळलं नाही. दुसरं सगळ्यांना कळलं. बँडवाल्यानं दण्णकन ठोका दिला, चारशे माणसांनी मुठी मोकळ्या केल्या, अंतरपाटवाल्यांनी दचकून अंतरपाट सोडला आणि मुंडावळ्यांच्या आड मान खाली घालून उभ्या असलेल्या लाजाळू सुरेशरावांनी, समोर जे कोण होतं, त्याच्या गळ्यात हार घातला.

समोर मी होतो!

फोटोग्राफरनं फोटो काढला. पब्लिक उठून पंगतीला पळालं. (अक्षता पडल्यावर कोल्हापूरकर थांबत नाही, नवरी कोण आहे, हे तो जेवून आल्यावर बघतो.) तेवढ्यात मामाचा हात धरून वैशू बाहेर आली.

"दादा," ती दात खाऊन म्हणाली, "माझा हार काढ."

"मुहूर्त बाटला!" व्याह्यांनी फेटा काढला. "चला रं, गाडी काढा!"

एवढ्यात भटजींनी कनवटीचं घड्याळ काढलं. "बारा-दहा. मुहूर्ताला वीस मिनिटं आहेत. सकाळीच रेडिओवर लावलंय मी."

"मग मघाशी भांडणं चाललेली, तेव्हा बोलला का न्हाईसा?" आप्पा ओरडले.

"मला कुणी विचारलं?"

आचाऱ्याच्या पोत्यातल्या तांदळाला कुंकू चोळून मी बादली घेऊन पंगतीत पळालो. ताटावरून उठायला कुणी तयार होईना. शेवटी साडेबाराच्या ठोक्याला निम्म्या मांडवानं बसल्या जागेवरून अक्षता टाकल्या (काहींच्या मुठीतून मसालेभात निघाला). पण लग्न लागलं! व्याह्यांनी फेटा परत चढवला आणि मी मांडवामागं जाऊन लहान पोरासारखा रडलो.

संध्याकाळी वाशाला ओळंबा लावला. कर्ण्याच्या वजनानं तो पूर्वेला कलला होता. मोजून पाच अंश! पाच चोक वीस, तेवढी मिनिटं सावली आधीच गायब!

"आप्पा, बघा, माझं गणित बरोबरच होतं! वासा चुकला!"

"मग वाशाला धाडायचं होतं बोटीवर," आप्पा म्हणाले.

वैशू महिनाभर बोलली नाही. त्या लग्नाच्या अल्बमच्या पहिल्या पानावर आजही मी आणि सुरेशराव आहोत. नवरा-बायकोचं भांडण झालं की वैशू ओरडते, "जावा तुमच्या थोरलीकडं!" आणि सुरेशराव बिचारे खरंच पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहतात. मी मुकाट्यानं चहा टाकतो. करणार काय? चारशे माणसांदेखत अक्षता पडल्यात!