शैलाच्या हक्कसोडपत्रावर माझी सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आज सांगतोय ते मन हलकं करायला नव्हे – तो हक्क मला कुठला? राग येतो म्हणून सांगतोय. लोक मला सरळ माणूस म्हणतात, त्याचा राग येतो.

मामांची गडमुडशिंगीत पिठाची गिरण होती. नवरा गेल्यावर त्यांची मुलगी शैला माहेरी आली आणि चौदा वर्षं तिनंच ती चालवली. पट्टा तुटला तर स्वतः जोडायची, झिजलेल्या दगडांना छिन्नीनं टाकी स्वतः लावायची. तिचा भाऊ अशोक गिरणीच्या सावलीत मोटारसायकल लावायचा, एवढाच त्याचा संबंध. मामांना डोळे होते. मृत्युपत्रात त्यांनी घर अशोकला दिलं, गिरण शैलाला. आणि ज्याचं त्याला पोचवायला दोन व्यवस्थापक नेमले – एक त्यांचे कोल्हापुरातले वकील, दुसरा मी, भाचा. वकिलांना कायदा कळतो, तुला घर कळतं, म्हणाले होते. कळत होतं की. चांगलंच कळत होतं.

मामा गेले तेव्हा वकील पुण्यात मुलाकडे होते, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. फोनवर म्हणाले, मी येईपर्यंत कुणाची कशावर सही घेऊ नका. मी बरं म्हणालो.

बारावं झालं आणि अशोकनं विषय काढला. बहिणीनं हक्कसोडपत्र द्यायचं, भावानं साडीचोळी करायची – आपल्याकडची रीत. साडी नेसवून बहिणीचा हिस्सा गिळायचा आणि वर त्याला माया म्हणायचं! शैला माझ्याकडे आली. "दादा, आबा म्हणत हुते गिरण माझ्या नावावर केलीया. खरं हाय का?"

काय अवघड होतं? व्हय म्हणायचं होतं. मी म्हणालो – वकील म्हणतात ते मृत्युपत्र कच्चं आहे, कोर्टात टिकणार नाही. भावाशी भांडून माहेर कशाला तोडतेस?

वकील असलं काही बोलले नव्हते. एक अक्षर नाही.

आठवड्यात निबंधकाच्या कचेरीत तिनं सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली. दोन महिन्यांनी वकील परत आले, फाईल उघडून बसले. त्यांना सांगितलं, शैलानं आपखुशीनं सोडलं सगळं. त्यांनी हक्कसोडपत्र दोनदा वाचून काढलं. पण इथल्या किती बहिणी तेच करतात, शिवाय मी घरचा माणूस – त्यांनी विश्वास ठेवला. शैला मात्र अजून त्यांना शिव्या देते. माझ्या आयुष्याची माती त्या वकिलानं केली, म्हणते. मी ऐकून घेतो.

का केलं? अशोकनं मला चहासुद्धा पाजला नव्हता. लाच खाणारा बरा, त्याचं निदान कारण तरी दिसतं. माझं कारण कोडोलीत राहतं – माझी सख्खी बहीण. आमच्या वडिलांमागं तिनंही माझ्यासाठी अशीच सही केली होती, आणि साडी मी पसंत केली होती. शैलाला गिरण मिळाली असती तर माझ्या बहिणीनं मला विचारलं असतं. एवढंच. एका प्रश्नाला भ्यालो मी, आणि दुसऱ्या बाईच्या हातातलं काम काढून घेतलं.

गेल्या महिन्यात दळणाचा डबा घेऊन गिरणीवर गेलो होतो. अशोकनं आता माणूस ठेवलाय. रांगेत शैला उभी होती, काखेत जोंधळ्याचा डबा. मला बघून हसली. "तुमी मधी हुतासा म्हणून म्हायेर तरी ऱ्हायलं बघा, दादा." मग बाजूला सरली आणि त्या माणसाला म्हणाली, "दादांचं आदी घे. त्यास्नी थांबवू नगंस."

मी डबा पुढं केला.