वहिनीचा सर्व्हर आणि मोहाडीचा मुक्काम

दादाचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याच्या बसस्टँडवर उभा होतो. "तुझी वहिनी गेली रे..." एवढंच तो म्हणाला. समोर कंडक्टर तुमसर-तुमसर ओरडत होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे आली ती मॉनिटरसमोर दोन्ही हात वर करून "भाऊजी, उठला! सर्व्हर उठला!" म्हणून किंचाळणारी सुनंदावहिनी. दीड महिना झाला. दुःख करायला बसलं की हेच आडवं येतं, म्हणून आज हेच लिहितो.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मोहाडीच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, वहिनी कॉम्प्युटर क्लास चालवायची. दादा कारकून, त्याला नागपूरला बदली मिळत होती. वहिनीला क्लास सोडायचा नव्हता. तेवढ्यात सिहोऱ्याकडच्या एका धान खरेदी केंद्राचं काम तिच्याकडे आलं. पाच काट्यांवर एकाच वेळी धान मोजायचं आणि पाचही ठिकाणच्या पावत्या एकाच मशीनच्या भरवशावर काढायच्या. तिथला जुना प्रोग्राम दुसऱ्याच काट्याला गुदमरायचा. दोघांचं ठरलं, खरेदीच्या पहिल्या दिवशी हे चाललं तर मोहाडी, नाही चाललं तर क्लास बंद आणि नागपूर. आई वरवर दोघांनाही रागवायची, पण मनातून सुनेच्याच बाजूची होती.

वहिनीने एका जुन्या मशीनवर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. पावत्यांची नोंद ठेवणारा डेटाबेस सर्व्हर तयारही मिळत होता, पण बाईंना तो मूळ कोडपासून, आपल्या मशीनच्या मापाने घरीच बनवलेला, म्हणजे कंपाइल केलेलाच हवा! नागपूरच्या सायबर कॅफेतून सीडीवर कोड आणायची हमाली माझ्याकडे. मग काय विचारता... पडद्यावर ओळींमागून ओळी धावताहेत, आणि वहिनी चुलीवर भाताचं पातेलं, आमच्याकडचा गंज, ठेवून घडीघडी पळत येतेय. वीज नेमकी तेव्हाच जायची. मी कपाळाला हात लावायचो, ती म्हणायची, "जाऊ द्या ना भाऊजी, झालेलं कुठं जाते? राहिलं तेवढंच करते ते." आणि खरंच, वीज आली की काम जिथे तुटलं जवळपास तिथूनच पुढे सुरू व्हायचं. शेवटी तिने शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून इन्व्हर्टरला जोडली. शेजाऱ्यांना हे समजलं ते ट्रॅक्टर चालू करायला गेल्यावर.

सर्व्हर उभा राहिला. आनंदाच्या भरात तिने मशीनची जवळपास सगळी मेमरी त्याला देऊन टाकली. युनिक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, एवढी द्यायला तयार होईना, तर मर्यादा वाढवून तेही नव्याने कंपाइल केलं! मग घरातच चाचणी. क्लासची पाच मशीन म्हणजे पाच काटे. दादा, मी, क्लासमधल्या दोघी मुली आणि नुसतं एंटर दाबायला आई. सगळ्यांनी एकदम एंटर दाबलं... आणि सगळं ठप्प. डिस्कचा दिवा विझेचना. जुन्या प्रोग्रामपेक्षाही हळू! खरेदी परवावर आलेली. "मंग नागपुरात घर पाहाले लागू काय?" दादाने विचारलं. चेष्टेत नव्हतं ते. वहिनीचा चेहरा असा उतरला की माझ्याच्याने बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा जेवायला आले. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटातला भात सरू देत नाहीत. वहिनी वाढतच होती, मामा नको-नको म्हणत होते. गंजाचा तळ दिसला तशी आई तिच्या कानाशी पुटपुटली, "सारा पाहुण्यालेच वाढतं काय वो? घरचे काय खातीन?" वहिनीचा हात तसाच थांबला. मग भाताच्या हातानिशीच ती पुढच्या खोलीत पळाली. "भाऊजी, मी पाहुण्यालेच सारं वाढून राहिली जी! युनिक्सले काही ठेवलंच नाही!"

युनिक्सला स्वतःच्या कामाला, फाइली हाताशी ठेवायला मेमरी लागतेच. ती उरली नाही म्हणून तो बिचारा सगळं डिस्कवर टाकत आणि परत उचलत बसला होता. तिने सर्व्हरचा वाटा पाव करून टाकला. पुन्हा सगळे बसलो. एंटर! आईने बोट उचलायच्या आत पावती पडद्यावर. आई दचकली, मुली नाचायला लागल्या, मीही नाचलो. मामा आत एकटेच जेवत होते.

सिहोऱ्याला दादा रजा टाकून आला होता, हाताची घडी घालून लांब उभा. पाचही काटे सुरू झाले आणि पोतं काट्यावरून उतरायच्या आत पावती बाहेर पडायला लागली. थोड्या वेळाने एक हमाल कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, मशीन जरा हळू चालवा ना जी, आमचा दम निंगून राहिला." दादा इतका मोठ्याने हसला की धानाच्या ढिगावरची पाखरं उडाली. बदलीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

परवा मोहाडीला गेलो. दादा आता रिटायर झालाय. पोरगी नागपूरला आहे, तिथेच ये म्हणून मागे लागलीय. तो पुढच्या खोलीत वहिनीच्या खुर्चीत बसलेला. ज्याने जन्मात कधी माउस धरला नाही, तो चष्मा नाकावर ओढून पडद्याकडे बघत होता. सर्व्हरची नवी आवृत्ती चढवायचं वहिनीच्या मनात होतं, ते राहून गेलं. क्लासच्या मुलींना विचारून विचारून यानेच कंपाइल सुरू केलं होतं. ओळी धावत होत्या.

"समजते काय रे तुला यातलं?" मी विचारलं.

"काही नाही. पन चालून राहिलं ना!" त्याचे डोळे नुसते चमकत होते.

तेवढ्यात पोरीचा फोन आला. बाबा, कधी येता? दादाने पडद्यावरची नजर काढली नाही.

"आता कसा येऊ बेटा? तुझ्या आईचं काम चालू आहे."