सहावा पाहुणा

दरीच्या तळाशी नदीकाठी काकूंचं लॉज होतं. दगडी भिंती, लाकडी छप्पर, आठ खाटा आणि एक चूल. उतरायला पाच तास, चढायला सात. त्यामुळे आलेल्या माणसाला मुक्काम केल्यावाचून गत्यंतर नसे. फोन तिथं चालत नव्हता. वर दरीच्या काठावरच्या चौकीत काकूंचे धाकटे दीर असत. सकाळी जितकी माणसं खाली निघत, तितक्या वेळा ते दुपारी बाराला आरसा चमकवत. काकू अंगणात उभ्या राहून मोजत आणि तेवढ्याच खाटांवर घोंगड्या टाकत. सव्वीस वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता.

म्हणजे, एकदाच सोडून. अकरा वर्षांपूर्वी आरसा सात वेळा चमकला आणि आले सहाजण. आपलंच मोजण्यात चुकलं असेल, म्हणून काकूंनी सगळ्यांना वाढून टाकलं. सातवा दुसऱ्या दिवशी कपारीत सापडला. पाय मोडला होता आणि थंडीनं जीव गेला होता. कुणी काकूंना बोल लावला नाही. त्यांनी स्वतःला मात्र माफ केलं नाही. शेवटचा माणूस दारात आल्याशिवाय वाढायचं नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

आज आरसा सहा वेळा चमकला होता. संध्याकाळ होत आली तरी आले पाचच.

"मोजताना चूक झाली असेल, काकू," भुकेनं कासावीस झालेले एक मास्तर म्हणाले.

"मागच्या वेळी मीही हेच म्हणाले होते."

मग दुसऱ्या कुणाला आठवलं, राखाडी टोपीवाला एकजण मागं होता खरा. काकूंनी डाव मास्तरांच्या हातात दिला. "सूप ढवळत राहा. तळाला लागलं तर तुम्हालाच खायचंय." दोर आणि काठी घेऊन त्या निघाल्या. गुडघे कुरकुरत होते, त्यांच्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. हाका मारून घसा बसला. ती कपार आली तेव्हा आत डोकावायची हिंमत होईना, तरी डोकावल्या. आत कुणी नव्हतं.

पुढच्या वळणावर राखाडी टोपी दिसली. तो एका सपाट खडकावर आरामात बसला होता.

"पाय मोडलाय का?"

"नाही."

"मग इथं काय करताय?" त्याची चांगली खरडपट्टी काढायची, असं ठरवून त्या दम घेत होत्या. त्यानं नुसतं समोर बोट दाखवलं.

काकू वळल्या. तळाशी अंधारलं होतं, पण समोरचा अख्खा कडा भट्टीतून काढलेल्या विटेसारखा पेटला होता. मान मागं टाकली तरी संपेना. लाल रंग थरामागून थर ओलांडत वर सरकत होता, आणि खाली सोडलेल्या थरांवर जांभळी सावली चढत होती. मधल्या उंचीवर घिरट्या घालणारी गिधाडं चिलटाएवढी दिसत होती. काकूंच्या अंगावर काटा आला. या वेळेला त्या रोज चुलीपाशी असत, भिंतीकडे तोंड करून.

"रोज असंच दिसतं का हो?" त्यानं हळूच विचारलं.

पाणी कुठं आहे, वाट कुठं निसरडी आहे, साप कुठं निघतात, पाहुण्यांच्या कुठल्याही प्रश्नावर काकू कधी अडल्या नव्हत्या.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "जरा सरका."