पाटाचं घड्याळ

बाबांचा जेवायचा सागवानी पाट माळ्यावर पडून होता. गुडघे वाकत नाहीत म्हणून ते हल्ली टेबलावर जेवतात. मी तो घासला, मधोमध भोक पाडून काटे बसवले आणि भिंतीवर टांगला.

आई दारातच थबकली. "अरे, माणूस घरात असताना त्याचा पाट भिंतीला लावतात का?"

बाबा नुसते हसले. मी मात्र वर पाटाकडे बघितलं. भिंतीवर आपण कुणाला लावतो, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! त्यांच्या रोजच्या बसण्याने झिजलेल्या खळग्यात आता सेकंदकाटा फिरत होता. घाबरून मी सेल काढला. काटा थांबला. मग त्याहून जास्त घाबरून, बाबांकडे न बघता, तो घाईघाईने परत घातला.