बी विंगची मांजरं आणि ऋतुजाचा प्रबंध

आधी चहा घ्या हातात. कप भरलेला असला की माणूस मध्येच उठून जात नाही, आणि हा किस्सा अर्धा ऐकून गेलात तर माझी बाजू तुम्हाला कधीच कळायची नाही. तशी ती पूर्ण ऐकूनही आजवर कुणाला कळलेली नाही. पण मी सांगायचं सोडत नाही.

आम्ही राहतो मुलुंड पूर्वेला. सोसायटीला दोन विंग. ए विंग रस्त्याला लागून, बी विंग मागे, नाल्याच्या बाजूला. रंग आधी ए विंगला, पाणी आधी ए विंगला. लिफ्ट बंद पडायची असेल तर मात्र मान बी विंगचा. मी बी विंगचा कमिटी मेंबर, तळमजल्यावरचा परब. एवढं कळलं की पुढचं समजायला सोपं.

तर एके दिवशी ऋतुजा नावाची मुलगी आली. जनावरांची डॉक्टर. पुढचं शिक्षण चालू होतं आणि त्यासाठी प्रबंध लिहायचा होता. भटक्या मांजरांना खाज सुटते, केस झडतात. त्यावर एक पावडर खाण्यात मिसळून द्यायची आणि फरक पडतो का ते बघायचं. आमच्या आवारात मांजरांना तोटा नाही. तिनं सोसायटीच्या सभेत येऊन सांगितलं, "माझी पदवी या मांजरांवर आहे. चार सोसायट्यांनी नाही म्हटलंय. प्लीज."

पोर गोड होती. सभेनं परवानगी दिली. मग तिनं बेत सांगितला. ए विंगच्या मांजरांना पावडर घातलेलं कोरडं खाणं. बी विंगच्या मांजरांना तेच खाणं, पण पावडर नाही.

मी उभा राहिलो. "आमच्या मांजरांना का नाही?"

"काका, तुलनेसाठी. एका गटाला द्यायचं, दुसऱ्याला नाही. तरच कळणार ना, फरक औषधानं पडला की असाच पडला."

"मग आम्हाला द्या, ए विंगला देऊ नका."

"मी चिठ्ठी टाकून ठरवलं, काका."

"चिठ्ठी उचलली कुणी?"

"मीच."

"आणि तुमची स्कूटर कुठे लावलीय?"

"ए विंगसमोर. का?"

 मी सभेकडे वळून पाहिलं. बी विंगच्या माना डोलल्या. विज्ञानातसुद्धा आमच्या वाट्याला नाल्याचीच बाजू, हे सगळ्यांना कळलं होतं.

तिची अट एकच होती. मांजरांना दुसरं काहीही खायला घालायचं नाही, नाहीतर तिची सगळी मेहनत वाया. सगळे हो म्हणाले. सगळ्यात मोठ्यानं मी म्हणालो.

दोन दिवसांनी बुधवार आला. आम्ही देवगडकडचे, बुधवारी आमच्याकडे बांगडा असतोच. बायको ओट्यावर मासे साफ करत होती आणि खिडकीखाली बी विंगची मांजरं वर बघत बसली होती. एकाचीही पाठ धड नाही. आणि वाटीत काय, तर कोरडे दाणे. मी डोकी आणि शेपट्या उचलल्या.

"अहो, त्या मुलीनं नको म्हटलंय ना?" बायको म्हणाली.

"खायला घालू नका म्हणाली. हे खाणं आहे का? ही डोकी आहेत. आपण टाकतो ती."

"मांजराच्या पोटात जातं ना?"

"कुठेतरी जाणारच. कचऱ्याच्या डब्यात गेलं काय आणि इथे गेलं काय."

आता तुम्हीच सांगा, कोकणातल्या कुठल्या घरात मासळीचं डोकं मांजराला टाकण्याला खायला घालणं म्हणतात? ते साफसफाईत मोडतं. माझ्या मनात पाप नव्हतं. होता तो थोडा विंगचा अभिमान.

महिन्याभरात आमची मांजरं अशी चमकायला लागली की बघत राहावं. ए विंगची पावडर खाऊनही मरतुकडीच. मी रोज सकाळी हात मागे बांधून ए विंगपर्यंत चक्कर मारायचो. का, ते ए विंगच्या सामंतांना बरोबर कळायचं.

ऋतुजा रोज वाट्यांत उरलेलं खाणं वजन करून बघायची. एकदा ती धावतच माझ्याकडे आली. "काका, काहीतरी विलक्षण घडतंय. बी विंगची मांजरं रविवारी, बुधवारी आणि शुक्रवारी खाण्याला तोंडच लावत नाहीत. इतर दिवशी वाटी चाटूनपुसून साफ. दर आठवड्याला असंच. म्हणजे यांच्या शरीरात आठवड्याचं घड्याळ आहे. आणि या ठरावीक उपासामुळेच त्यांचे केस सुधारलेत."

खरं सांगायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलंसुद्धा. पण ती म्हणाली, "हे आजपर्यंत कुणाला सापडलेलं नाहीये, काका." इतका आनंद मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. मी तोंड मिटलं. मुलीचा हिरमोड नको, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

बातमी सोसायटीच्या ग्रुपवर गेली आणि तिथून आमची वाट लागली. सामंतांचं टक्कल जुनं आहे. त्यांनी जाहीर केलं की आजपासून ते रविवार, बुधवार, शुक्रवार उपास धरणार.

"अहो सामंत, ते मांजरांचं आहे," कुणीतरी म्हणालं.

"औषधं आधी जनावरांवरच बघतात," सामंत म्हणाले. "मांजराला लागू पडलं म्हणजे निम्मं काम झालं."

पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरच्या मंडळींनी शुगरसाठी उपास धरला. कुणी गुडघ्यांसाठी. मांजराला शुगर आहे का, गुडघे दुखतात का, विचारतो कोण? माझ्याकडे बी विंगचा माणूस म्हणून सल्ला मागायला येऊ लागले. मी सल्ला दिला. बी विंगच्या हवेतच काहीतरी आहे, असं मी एकदा भाषणातसुद्धा बोललो.

हसू नका, याच्यापुढचं ऐका. ऐकून ऐकून मलाच ते पटायला लागलं. डोकी टाकणारा मी, आणि एका बुधवारी मीच उपास धरला. म्हटलं, बघूया तरी. माझ्या वाटणीचे दोन अख्खे बांगडे उरले. ते कुठे गेले, सांगायला नकोच. त्या आठवड्यात मांजरं आणखी चमकली आणि ऋतुजाच्या घड्याळाला नवा पुरावा मिळाला.

शेवटी तिच्या मार्गदर्शक राणे मॅडम स्वतः बघायला आल्या. साठीच्या, कोरड्या आवाजाच्या बाई. आम्ही सगळे खाली जमलो. ऋतुजानं माझी ओळख करून दिली आणि उत्साहानं सगळं समजावलं. मॅडमनी मांजराच्या पाठीवरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि विचारलं, "वार कुठले म्हणालीस?"

"रविवार, बुधवार, शुक्रवार, मॅडम."

त्या माझ्याकडे वळल्या. "परब म्हणजे गाव कुठलं?"

"देवगडकडे, मॅडम."

"मी मालवणची. घरी वार पाळता का हो?"

गावचं माणूस भेटलं म्हणून मी खुलून सांगितलं, "अगदी कडक. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा."

"म्हणजे खायला उरले कुठले?"

 मी सांगायची गरजच नव्हती, सामंत मागे बोटांवर मोजत होते. सहा आठवडे उपाशी राहिलेला तो माणूस माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता, ती मी अजून विसरलेलो नाही.

ऋतुजा ओरडली नाही. वाट्या गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि खाली मान घालून निघाली. फाटकाशी तिनं डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातोंडाशी आलेलं तिचं काम मी बांगड्याच्या डोक्यांपायी घालवलं होतं. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि तो वार तर गुरुवार होता, मांजरांच्या उपासाचाही नाही.

मी फोनवरून तिची माफी मागितली, दोनतीनदा. पोरीचं मन मोठं. भांडुपच्या एका सोसायटीत तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला परवानगी मिळाली, तेव्हा तिनं मलाच बोलावलं. "काका, लोकांना तुम्ही सांगा. माझ्यापेक्षा तुमचं पटेल."

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि जीव ओतून बोललो. एक घास म्हणजे एका मुलीचं वर्ष, असं सांगितलं. लोक गंभीर झाले. ऋतुजाचेही डोळे भरून आले. मला वाटलं, चला, फेडलं.

सभा संपल्यावर एक गृहस्थ जवळ आले. राजापूरचे. हळूच म्हणाले, "परबांनू, पटला तुमचा. पण पावडर सी विंगक नाय, असा कित्याक? आमचीच मांजरा उपाशी?"

"अजिबात काही द्यायचं नाही," मी बजावलं.

"नाय देवचंय. पण कोळंबीची सालां फेकूक जीव होत नाय हो."

"सालं कशाला देताय?" मी म्हणालो. "सालांनी काही होत नाही. केसांसाठी बांगड्याचं डोकं."

बोलून वळतो तर मागे ऋतुजा.

तिला पदवी मिळाली. पेढे घेऊन घरी आली होती, माझ्या पाया पडली, चहासुद्धा प्यायली. अभ्यास शेवटी कुठल्या सोसायटीत केला, ते तिनं माझ्या बायकोला स्वयंपाकघरात नेऊन, दार लोटून सांगितलं. बायकोनं अजून मला पत्ता दिलेला नाही.